कोकणातून वाईन बिझनेसची डिग्री करायची असेल तर

मी वाईनच्या धंद्याची डिग्री करणार म्हटल्यावर आमच्या आजीने पहिला प्रश्न विचारला, "गो चेडवा, सोऱ्याची (दारूची) पण डिग्री आसता?" तिला समजवायला मला दोन महिने लागले. तुमच्याही घरी हाच प्रश्न येणार, म्हणून फॉर्म भरायच्या आधी घरच्यांशी बसून बोला. मी आजीला आंब्याचं उदाहरण दिलं. बाग आपली, पण पेटीचा भाव वाशीचा दलाल ठरवतो आणि आपल्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी येते, तर हा भाव कसा ठरतो, माल कुणाला विकायचा, नाव कसं करायचं हे द्राक्षाच्या बाबतीत शिकवणारा हा कोर्स आहे. तेव्हा तिला पटलं.

आधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करा, वाईन बनवायचीय की विकायचीय. बनवण्याच्या कोर्सला केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. बिझनेसच्या कोर्सला अकाउंट्स, इकॉनॉमिक्स, मार्केटिंग, कायदा, एक्सपोर्ट आणि त्याच्या जोडीला द्राक्षशेती आणि टेस्टिंगची, म्हणजे वाईन चाखून पारखण्याची, तोंडओळख असते. कॉमर्सवाल्यांना इथे बऱ्याच ठिकाणी वाव आहे, पण अट प्रत्येक युनिव्हर्सिटीची वेगळी, ती स्वतः वाचा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

शिकायचं कुठे? ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड, तिथल्या रोझवर्दी कॉलेजची परंपरा 1883 पासूनची आहे. वागा वागाला चार्ल्स स्टर्ट युनिव्हर्सिटी आहे. कॅलिफोर्नियात सोनोमा स्टेट, इंग्लंडमध्ये प्लम्प्टन कॉलेज, फ्रान्समध्ये दिजॉं आणि बोर्दोची बिझनेस स्कूल्स, जर्मनीत गायझेनहाइम, पण तिथे जायचं तर जर्मन शिकायची तयारी ठेवा. आपल्याकडे पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, पण तिथला भर तंत्रज्ञानावर आहे, धंद्यावर नाही. मी अ‍ॅडलेडला गेले कारण इंग्रजीत शिकता येत होतं आणि शहरातून तासाभरात द्राक्षाच्या मळ्यात पोचता येत होतं, बाकी फार मोठा विचार केला नव्हता.

पण परदेशी फी भरण्याआधी एक सीझन नाशिकला काढाच. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, त्या काळात वायनरीत हंगामी माणसं लागतात, टेस्टिंग रूममध्ये लागतात, दिंडोरी, विंचूर, गंगापूर धरणाच्या बाजूला फिरून विचारा. आपल्या कोकणात इतका पाऊस आणि दमट हवा की द्राक्षावरचे केवडा आणि भुरी हे रोग हटणारच नाहीत, त्यामुळे आपण पोरांनी द्राक्षाचा वेल नीट बघितलेलाच नसतो. एप्रिलची खरड छाटणी काय, ऑक्टोबरची गोडी छाटणी काय, आणि युरोपात वेल थंडीत झोपतो तसा आपल्याकडे झोपत नाही म्हणून दोनदा छाटावा लागतो, हे शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलं की पुढे वर्गात व्हिटिकल्चरचा, म्हणजे द्राक्षशेतीचा तास सोपा जातो.

आता टेस्टिंग. इथे कोकणातली मुलं उगाच घाबरतात. पुस्तकात गूसबेरी, ब्लॅककरंट, व्हायोलेट असले वास लिहिलेले असतात आणि आपण ते कधी हुंगलेले नसतात. मी पहिले सहा आठवडे गप्प बसून दुसऱ्यांची उत्तरं ऐकायचे. मग एक दिवस अमेरिकन ओकच्या पिंपात मुरलेली शिराझ नावाची लाल वाईन समोर आली आणि मला एकदम आमच्या माळ्यावरचं सुकं खोबरं आठवलं, मी घाबरत घाबरत कोकोनट म्हटलं, आणि तेच बरोबर होतं, त्या लाकडातून खरोखरच नारळासारखा वास देणारा घटक उतरतो. त्या दिवसापासून मी घरची वही केली. तुम्ही आत्तापासून करा. करवंद, जांभूळ, पिकलेला बरका फणस, सुरंगीचा गजरा, पहिल्या पावसातला जांभा दगड, नारळाच्या सोडणांचा धूर, एकेक हुंगायचं आणि दोन ओळी लिहायच्या. आंबटपणा समजायला आमसूल चोखा आणि तोंडाला किती पाणी सुटतं ते बघा. टॅनिन, म्हणजे वाईनमधला तुरटपणा, समजायला काजूचं बोंडू खा, जीभ आणि हिरड्या ओढल्यासारख्या होतात ना, तेच.

आणि घरी एक प्रयोग करा, याला ट्रँगल टेस्ट म्हणतात. कोकम सरबताचे तीन ग्लास, दोन सारखे, तिसऱ्यात साखर किंचित जास्त, आणि वेगळा कोणता ते ओळखायला सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तीनातला एक माणूस बरोबर येतो, म्हणून 12 जणांना विचारलंत तर निदान 8 जणांनी ओळखलं तरच फरक खरोखर कळतोय असं मानतात. स्टॅटिस्टिक्सचं भय इथेच निम्मं जातं. हे सगळं वाईनचा थेंबही न पिता होतं. वर्गातसुद्धा वाईन थुंकायचीच असते, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, गिळत बसलात तर चौथ्या ग्लासाला नाक काम करत नाही. कायदेशीर वय झालं नसेल तर थांबा, वासाची वही तोवर भरेल.

कायद्याचा विषय रटाळ वाटतो पण आपल्यासाठी तो सगळ्यात जवळचा आहे. फ्रान्सने 1935 मध्ये अमुक गावची वाईन म्हणजे अमुकच असा कायदा पक्का केला. आपल्या हापूसला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव वापरता येईल अशी नोंदणी, मिळाली 2018 मध्ये, गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला की बागायतदाराचं पोट कसं जळतं हे माहीत असलेल्या पोराला शॅम्पेनवाले नावासाठी का भांडतात हे वेगळं शिकवावं लागत नाही. मी माझा प्रोजेक्ट यावरच केला.

करांचं असंच. दारू जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा. बांद्याला एका बाटलीची किंमत बघा, मग पलीकडे गोव्यात पत्रादेवीला तीच बाटली बघा, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि फरक कुठून आला ते शोधा. फक्त आकडे आणा, बाटली आणू नका, परवान्याशिवाय ती नाका ओलांडून आणणं गुन्हा आहे. हिशोबाचाही हात बसवा, 750 मिलीच्या 12 बाटल्या म्हणजे 9 लिटरची पेटी, 225 लिटरच्या एका पिंपातून 300 बाटल्या म्हणजे 25 पेट्या. पिंपाची किंमत 300 ने भागली की बाटलीमागे लाकडाचा खर्च कळतो, असली गणितं पहिल्याच सेमिस्टरला येतात.

पैशाबद्दल. मला एका एजंटने सांगितलं होतं की पार्टटाइम कामातून फी निघते. नाही निघत. जेवणखाण आणि थोडं भाडं निघालं तरी खूप. फी कर्जातून किंवा स्कॉलरशिपमधूनच धरून चाला, अनुसूचित जातीतल्या मुलांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघावी. घरची बाग गहाण टाकायची वेळ येत असेल तर आधी दोन वर्षं नाशिकला नोकरी करा, मग जा, वर्गात अनुभवी माणसाला मान असतो.

वेळापत्रक असं लावा. ऑस्ट्रेलियाचं वर्ष फेब्रुवारी-मार्चला सुरू होतं आणि तिथली तोडणीही तेव्हाच असते, म्हणजे नाशिकचा सीझन आदल्या वर्षी करून मोकळं व्हायचं. युरोपला सप्टेंबर, तर मार्चपर्यंत नाशिक करून थेट जाता येतं. इंग्रजीची परीक्षा आदल्या पावसाळ्यात देऊन टाका, तेव्हा बागेतली कामंही कमी असतात.