जिंकलेल्या प्रांतात सारखं बंड? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, नागपूरचं ऊन तापलं, की महाल भागातल्या आमच्या गल्लीत पोरांची दुपार कॉम्प्युटरसमोर जाते. आणि दरवर्षी एकच तक्रार कानावर येते: "दादा, मुघलांना हरवलं, पण त्या प्रांतात सारखं बंड होऊन राहिलं."

ही तक्रार बहुतेक वेळा 'एम्पायर: टोटल वॉर' या कॉम्प्युटर गेममधल्या मराठ्यांच्या मोहिमेची असते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रांतातल्या शांततेचा आकडा लाल दिसला की शहरात आणखी पलटणी कोंबणं. आकडा सुधारतो, तुम्ही निर्धास्त होता, सैन्य पुढच्या लढाईला निघतं आणि मागे बंड पेटतं. सैन्याने असंतोष दाबला जातो, मिटत नाही. त्याआधी प्रांताचा तपशील उघडा. उच्चवर्ग आणि सामान्य रयत यांचा हिशेब तिथे वेगवेगळा मांडलेला असतो, आणि प्रत्येक नाराजीपुढे तिचं कारण असतं. परकीय सत्तेबद्दलचा रोष काही टर्नमध्ये (म्हणजे खेळातल्या पाळ्यांमध्ये) आपोआप ओसरतो, तेवढ्यापुरतं सैन्य ठेवणं योग्यच. धर्मामुळे असलेली नाराजी मात्र संथपणे जाते. तिथे धार्मिक इमारत लवकर बांधायला घ्या. सुधारणांची मागणी वाढत असेल तर तुमची विद्यालयं बघा. शिक्षणाच्या इमारतींमुळे ही मागणी चढते, म्हणून प्रत्येक प्रांतात विद्यालय उभारण्यापेक्षा ती एखाद्या शांत प्रांतात एकवटा.

कराबाबतही असंच होतं. एक प्रांत धुमसतोय म्हणून पोरं सगळ्या राज्याचा कर उतरवतात आणि खजिना रिकामा करून बसतात. फक्त त्या एका प्रांताला करमाफी देता येते. नव्या मुलखात ती पहिल्याच टर्नला द्या आणि रोष ओसरल्यावर काढा. त्या काळातलं उत्पन्न बुडालं तरी सैन्य अडकून पडण्यापेक्षा ते परवडतं.

'टोटल वॉर'च्याच 'रोम २' या गेममध्ये दुखणं वेगळं असतं. तिथे पब्लिक ऑर्डर, म्हणजे प्रांतातली शांतता, उणे १०० ला पोचली की बंड ठरलेलं. आणि बंडाचं मूळ अनेकदा त्या प्रांतात नसतंच. अन्नाचा हिशेब सगळ्या राज्याचा एकत्र असतो. तुम्ही हौसेने शहरं वरच्या पातळीला नेता, त्या इमारती धान्य खातात, अस्वच्छताही वाढवतात. साठा उणे झाला की सगळीकडे असंतोष पसरतो आणि सैन्यही झिजायला लागतं. म्हणून इमारत वाढवण्याआधी धान्याचा आकडा बघायची सवय लावा. जिंकलेल्या शहरात आधीच्या सत्तेच्या संस्कृतीच्या इमारती तशाच ठेवणं हीसुद्धा चूक. त्या आपल्या पद्धतीच्या करून घ्या.

आता घाईबद्दल. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या गेममध्ये तहात मिळेल तेवढा मुलूख घेण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. अतिविस्तार, म्हणजे जिंकलेला पण अजून न पचलेला मुलूख, १०० टक्क्यांवर गेला की एकामागून एक संकटं येतात. मुलूख पचवायला लागणारे प्रशासकीय गुण (पॉइंट) हाताशी असतील तेवढंच घ्या. बाकीचं मांडलिकाकडे सोपवा.

हे पटत नसेल तर आपल्याच शहराचा इतिहास बघा. नागपूर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शाहने, 1702 च्या सुमारास. पुढे 1743 मध्ये रघूजी भोसल्यांनी सत्ता हाती घेतली, पण गोंड राजाला हाकललं नाही. राजा हा किताब, मान आणि तनखा त्याच्याकडे राहू दिला. खरा कारभार भोसल्यांचा, आणि गोंड प्रजेचा राजाही जागेवर. मला ही चाल फार मोलाची वाटते. गेममध्ये मांडलिक ठेवण्याचा पर्याय दिसला की मी तो आधी तपासतो, विशेषतः प्रदेश राजधानीपासून लांब असेल आणि धर्म वेगळा असेल तेव्हा.

'युरोपा युनिव्हर्सालिस ४'मध्ये एखादा प्रांत फारच पेटला असेल तर स्थानिक स्वायत्तता वाढवा. असंतोष 10 ने उतरतो, उत्पन्न घटतं. बंडखोरांशी लढून मनुष्यबळ घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आणि 'रोम २'मध्ये बंड झालंच, तर तटबंदीच्या भरवशावर बसू नका. बंडखोरांची फौज सुरुवातीला लहान असते, टर्नागणिक वाढते आणि मग शहरावर येते. जवळचं सैन्य वळवा आणि पहिल्याच टर्नला तिच्यावर चालून जा.