मांजर शोला नेताय? आधी या चुका टाळा

नांदेड-लातूरहून पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कॅट शोला मांजर न्यायचं ठरलं की बरेच जण आधी शाम्पू आणतात. खरी तयारी हाताळणीची असते, आणि तिला काही महिने लागतात. परीक्षक मांजराला टेबलावर घेतात, उचलून अंगाची ठेवण बघतात, जबडा, कान, शेपटी चाचपतात, पिसाचं खेळणं हलवून त्याची नजर बघतात. घरच्यांशिवाय कुणाच्या हाताला न येणारं मांजर कितीही देखणं असलं तरी तिथंच मागे पडतं.

म्हणून पिल्लू लहान असतानाच सुरुवात करा. एक ठरावीक टेबल, वर न घसरणारी रबरी चटई. रोज पाचेक मिनिटं कान, पंजे, पोट, शेवटी शेपटी बुडापासून टोकापर्यंत; मग लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. सरावलं की शेजारच्या काकूंना, आल्या पाहुण्यांना हात लावू द्या. सगळ्यात जास्त चूक इथंच होते: मांजर फिस्कारेपर्यंत आपण थांबत नाही. शेपटी आपटायला लागली, कान मागे गेले, की तेवढ्यावरच थांबायचं. रागावलात, मानगूट धरून दाबलंत, तर टेबल म्हणजे त्रास हे ते कायमचं लक्षात ठेवतं.

आपल्याकडे अंघोळीला बोअरचं क्षाराचं पाणी असतं. त्यानं केस चिकट, निस्तेज होतात. शेवटचं धुणं तरी आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं करा. माणसांचा शाम्पू नको, मांजराच्या कातडीला तो मानवत नाही. लांब केसांच्या परशियन जातीच्या मांजराच्या केसांतल्या गाठी अंघोळीआधीच सोडवा. भिजल्या की त्या आणखी आवळतात. आणि केस मुळापर्यंत वाळवा, आतली लव ओली राहिली की बुरशी धरते.

गोचीड-पिसवांसाठी गोठ्यातलं औषध मांजराला कधीच लावू नका. जनावरांच्या आणि कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत सायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिन असतं. मांजराला त्यानं झटके येतात, जीवही जातो. तापाला पॅरासिटामॉल देणंही तितकंच घातक.

दूध-भातावर वाढवलेल्या मांजराच्या केसांना चकाकी येत नाही. मांजराला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. नुसत्या उकडलेल्या चिकनवरही पिल्लू ठेवू नका, कॅल्शियम कमी पडून हाडं कच्ची राहतात.

उन्हाळ्यात प्रवास रात्रीचाच करा. चपट्या नाकाच्या परशियनला आपलं बेचाळीस अंशांचं ऊन सोसत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं की गाडी थांबवा, अंगावर ओला कपडा फिरवा, वारा घाला आणि जवळचा पशुवैद्य गाठा. शांत राहावं म्हणून मनानं गुंगीचं औषध देऊ नका. त्यापेक्षा प्रवासाचा पिंजरा महिनाभर आधी घरात उघडा ठेवा, त्यातच जेवू-झोपू द्या.

गावठी मांजर असेल तर मागे राहू नका. अनेक शोमध्ये घरगुती मांजरांचा वेगळा गट असतो. तिथं मांजराची जात बघत नाहीत; तब्येत, स्वच्छता आणि स्वभाव बघतात.

नखं आधीच कापून ठेवा. रेबीजची आणि तिहेरी (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र) लस निदान तीन आठवडे आधी झालेली हवी, शेवटच्या दिवशी टोचून उपयोग नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कातडीवर गोल चट्टा दिसला तर तिथं दाखवा आणि तो पूर्ण बरा होईपर्यंत शोला जाऊ नका, गजकर्ण इतर मांजरांना आणि माणसांनाही लागतं.