जमिनीच्या मूल्यांकनावर हरकत: फॉर्म उघडण्याआधीची तयारी

न्यू साउथ वेल्समध्ये घर किंवा प्लॉट असलेल्या आपल्या मंडळींच्या हाती व्हॅल्युअर जनरलची (करासाठी जमिनीची किंमत ठरवणारा सरकारी अधिकारी) नोटीस पडली की पहिला उद्गार ठरलेला असतो, "एवढी किंमत? कोण देणार आहे एवढे?" आणि त्याच तिरीमिरीत रात्री लॅपटॉप उघडून हरकत ठोकून दिली जाते. कृपा करून तसं करू नका. फॉर्म लवकर भरून होतो. वेळ लागतो तो कागद जमवायला, आणि निकाल त्या कागदांवरच लागतो.

सगळ्यात आधी नोटिशीवरच्या दोन तारखांना पेनाने गोल करा. एक हरकतीची शेवटची तारीख. मुदत ६० दिवसांची असते. लँड टॅक्सच्या (राज्य सरकारचा जमिनीवरचा कर) असेसमेंटवरून हरकत घेत असाल तरी ६० दिवसच. मी माझ्या कॅलेंडरमध्ये शेवटची तारीख दहा दिवस आधीची लिहिते. दुसरी तारीख १ जुलै. किंमत त्या दिवशीची धरलेली असते, त्यामुळे तुमचा प्रत्येक पुरावा त्या दिवसाच्या आसपासचा हवा. नंतर बाजार पडला असेल तर तो पुढच्या मूल्यांकनात दिसेल, या हरकतीत त्याचा उपयोग नाही.

मग घर विसरायचं. हे आपल्याला फार जड जातं, पण कायदा फक्त जमिनीचं मोल विचारतो. घर, कुंपण, ड्राइव्हवे, स्विमिंग पूल काही नाही असं समजून, रिकाम्या प्लॉटवर नियमानुसार जास्तीत जास्त काय करता येईल याचा विचार करून किंमत ठरते. छत गळतं, स्वयंपाकघर जुनं आहे, रेट्स (कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, घरपट्टी) परवडत नाहीत, यातलं एकही कारण चालत नाही. माझी पहिली हरकत याच चुकीमुळे गेली. दुरुस्तीची बिलं आणि एका एजंटचं घराच्या किमतीबद्दलचं पत्र जोडलं होतं. उत्तर आलं, मूल्यांकन कायम.

पुढच्या वेळी मी आधी परसात गेले. मागच्या कोपऱ्यात, लिंबाच्या झाडाजवळ, गवतात अर्धं बुडालेलं एक काँक्रीटचं झाकण आहे. रोज त्यावरूनच कपडे वाळत घालायला जात होते. ते पावसाच्या पाण्याच्या पाइपचं झाकण. घरात येऊन डिपॉझिटेड प्लॅन (आपल्याकडचा मोजणी नकाशा म्हणा ना) जेवणाच्या टेबलावर पसरला, तर प्लॉटच्या मागच्या बाजूने तुटक रेषांचा पट्टा, रुंदी तीन मीटर, ड्रेनेज ईझमेंट (पाण्याच्या पाइपसाठी राखलेली जागा). त्या पट्ट्यावर बांधकाम करायची सोय नाही. घर घेताना वकिलाने ते सांगितलंही असेल, पण आम्ही किल्ल्या घेण्याच्या आनंदात होतो. दुसऱ्या हरकतीला मी तो नकाशा, पट्ट्याचं क्षेत्रफळ आणि त्या झाकणाचा फोटो जोडला. आकडा खाली आला.

म्हणून हे कागद काढून ठेवाच: डिपॉझिटेड प्लॅन, त्यासोबतचा ईझमेंट आणि बंधनांच्या अटींचा कागद, आणि कौन्सिलचं १०.७चं प्लॅनिंग सर्टिफिकेट. झोनिंग, पूर, वणवा, हेरिटेज अशा बंधनांची माहिती त्यात मिळते. नोटिशीवरचं क्षेत्रफळ नकाशाशी ताडून बघा, तिथली चूक हेच एक कारण होऊ शकतं. उतार असेल, प्लॉट कुऱ्हाडीच्या आकाराचा, म्हणजे मागे आणि लांब अरुंद वाटेने पोचायचा असेल, तर फोटो घ्या, शक्यतो मोठ्या पावसानंतरचे. या गोष्टी सुटण्याचं कारण साधं आहे. बहुतेक जमिनींचं मूल्यांकन एकेक प्लॉट बघून होत नाही, सारख्या जमिनींचे गट करून, नमुन्याच्या प्लॉटवरून बाकीच्यांची किंमत काढतात. तुमच्या लिंबाखालचं झाकण त्या हिशोबात आलंच असेल असं नाही.

खरा जोर मात्र विक्रीच्या पुराव्यांत लावा. तीन चांगले पुरे. मार्सडन पार्क, बॉक्स हिलसारख्या भागात रिकाम्या प्लॉटच्या विक्री सापडतात, त्या सोन्यासारख्या. जुन्या उपनगरात पाडायला घेतलेली मोडकी घरं शोधा, कारण तिथे खरेदीदार जवळजवळ जमिनीचेच पैसे देतो. बरं घर असेल तर त्याची किंमत वजा करून दाखवावी लागते. तारीख करार झाल्याची धरा, ताबा मिळाल्याची नको. आणि चौरस मीटरचा दर सरसकट गुणू नका, प्लॉट मोठा होतो तसा दर साधारणपणे उतरतो. शेजाऱ्याचं मूल्यांकन ऑनलाइन फुकट बघता येतं, जरूर बघा, पण त्याचाच आकडा चुकीचा असू शकतो. केवळ "शेजारचा कमी आहे" यावर हरकत उभी करू नका.

खटाटोप किती करायचा, हेही आधीच ठरवा. राहत्या घराला लँड टॅक्स नाही. बाकी जमिनीसाठी करमुक्त मर्यादा २०२४ पासून १०,७५,००० डॉलरवर आहे, त्यावर १०० डॉलर अधिक वरच्या रकमेच्या १.६ टक्के. तीन वर्षांची सरासरी धरतात, त्यामुळे मर्यादेच्या वर असलेल्या जमिनीच्या एका वर्षाच्या किमतीत एक लाख कमी झाले तर त्या वर्षी कर साधारण ५३३ डॉलरने घटतो, पण तो आकडा पुढच्या दोन वर्षांच्या सरासरीतही राहतो. कौन्सिल रेट्सचं गणित वेगळं. कौन्सिल एकूण किती गोळा करणार याला कमाल मर्यादा असते, आणि सगळ्या परिसराच्या किमती सारख्याच वाढल्या तर तुमचा वाटा फारसा हलत नाही.

फ्लॅटवाल्यांनी वैयक्तिक हरकतीच्या मागे लागू नये. तिथे सगळ्या इमारतीखालच्या जमिनीचं एकच मूल्यांकन होतं, तेव्हा ओनर्स कॉर्पोरेशनच्या (आपल्याकडची हाउसिंग सोसायटी म्हणा) बैठकीत विषय काढा.

हरकतीला फी नाही. ती मूळ मूल्यांकन न केलेला दुसरा व्हॅल्युअर तपासतो आणि तो किंमत वाढवूही शकतो, तेव्हा पुरावा कच्चा असेल तर थांबा. निकाल येईपर्यंत बिल मात्र मुदतीत भरायचंच. कमी झालं तर फरक नंतर जमा होतो. निकाल पटला नाही तर लँड अँड एन्व्हायर्न्मेंट कोर्टात जायला पुन्हा ६० दिवस.

फॉर्म भरायला बसताना नोटिशीवरचा प्रॉपर्टी नंबर, तुमच्या मते योग्य आकडा आणि तो का, हे चार-पाच ओळींत आधीच लिहून ठेवा. प्रत्येक पीडीएफला ओळखू येईल असं नाव द्या, "ईझमेंट नकाशा", "विक्री १". सबमिट झाल्यावर येणारा संदर्भ क्रमांक त्याच नोटिशीच्या पाठीवर लिहा आणि ती फाइलला लावा.