राग गिळला म्हणजे निर्णय बरोबर येतो असं नाही: या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एखादा टॉवेलचा कारखाना घ्या. सकाळी मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन येतो: ऑर्डर पुढच्या महिन्यावर ढकला. दुपारी सुताचा दलाल येतो. भाव बरा आहे, बाकीच्या ऑर्डरींना सूत लागणारही आहे. तरी मालक म्हणतो, "आज नको, बाजार नरम वाटतोय." बाजार कुठे नरम नसतो, सकाळच्या फोनची धास्ती दुपारच्या सौद्यावर चढलेली असते. अशी भावना ओळखून तिचा निर्णयात नीट वापर करणं म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, आणि व्यवहारात तिथेच या पाच चुका होतात.

भावना आली कुठून, हे न विचारणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जेरेमी यिप आणि स्टीफन कोटे या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की, भलत्याच कारणाने आलेली चिंता माणसाला जोखीम घेण्यापासून मागे ओढते. ज्यांना भावनांची कारणं ओळखता येतात, त्यांच्यावर हा परिणाम कमी होतो. आणि महत्त्वाचं पुढेच आहे: चिंता कशामुळे आली हे सांगितल्यावर, ज्यांना ती ओळख कमी होती त्यांच्यातला आणि इतरांमधला हा फरक उरला नाही. म्हणजे ही उणीव कागद-पेनाने भरून निघण्यासारखी आहे.

सौद्याआधी तीन ओळी लिहा. आत्ता काय वाटतंय? ते कशामुळे? त्या कारणाचा या सौद्याशी किती संबंध? तिसऱ्या ओळीत आकडा हवाच. समजा २,००० किलो सूत घ्यायचं होतं आणि त्यातलं ८०० किलो पुढे ढकललेल्या ऑर्डरीचं. मग धास्ती ८०० किलोपुरती रास्त आहे. उरलेल्या १,२०० किलोचा निर्णय भाव, उधारीचे दिवस आणि शिल्लक साठा बघून करा. "मन नाही म्हणतंय" एवढंच लिहून थांबलात, तर वहीचा काही उपयोग नाही.

भावना बाजूला ठेवून "फक्त हिशोब"

ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण अनुभव उलटा आहे. अँतोनियो दमासिओ, अँत्वान बेशारा आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पत्त्यांच्या चार गड्ड्यांची चाचणी मांडली. दोन गड्ड्यांत दर पानाला मोठी कमाई, पण शेवटी तोटा. उरलेल्या दोन्हींत कमाई थोडी, पण शेवटी फायदा. मेंदूच्या पुढच्या भागाला, कपाळामागे खालच्या बाजूला, इजा झालेले रुग्ण तोट्याच्याच गड्ड्यांकडे वळत राहिले. हिशोबाची बुद्धी शाबूत असूनही. संशोधकांच्या मते, तोट्याआधी आतून येणारी धोक्याची जाणीवच त्यांच्यात हरवली होती. जुन्या फटक्याची पोटात येणारी कळ ही माहितीच असते. ती तपासायची, फेकायची नाही.

राग गिळून गोड बोलत राहणं

चेहरा कोरा ठेवण्यातच लक्ष खर्च होतं. जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस यांच्या २००० सालच्या प्रयोगांत, भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांना समोर काय बोललं, घडलं ते कमी आठवलं. व्यापाऱ्याशी वाटाघाटीत हे थेट नडतं: ४५ दिवसांची उधारी ठरली होती की ६० ची, यावरून मग महिनाभर वाद. राग आला की चहा मागवा, तेवढ्यात ठरलेल्या अटी लिहून काढा आणि समोरच्याला वाचून दाखवा. (गोड स्वभाव म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, हा समज याच चुकीचा भाऊ.)

लिलावात उभं राहून किमान भाव ठरवणं

सोलापूर बाजार समितीत कांद्याचा लिलाव झपाट्याने सरकतो. शेजारच्या वक्कलाला (मालाच्या ढिगाला) जास्त बोली लागली की अपमान वाटतो आणि माल उगाच अडवला जातो. मन खचलेलं असेल तर उलटं होतं: २००४ मधल्या जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात उदास केलेल्या लोकांनी आपली वस्तू कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली. म्हणून आकडा आदल्या संध्याकाळी घरी ठरवा. माल परत न्यायचं भाडं, पुन्हा भराई-उतराई आणि तोवर सडणारा कांदा, हे सगळं, माल परत आणून विकला तर अपेक्षित असलेल्या भावातून वजा करा. उरेल तो तुमचा तळ. आकडा चिठ्ठीवर लिहून सोबतच्या माणसाकडे द्या. तो बदलायचा तर कारण एकच चालेल: बाजाराबद्दल नवी माहिती. आवक अंदाजापेक्षा वाढली, हे कारण आहे. अडत्या तुसडेपणाने बोलला, हे नाही.

मोबाइलवरच्या भावनिक बुद्धिमत्तेच्या चाचणीतले गुण खरे मानणं

"मी इतरांच्या भावना चटकन ओळखतो" यावर खूण करणं म्हणजे स्वतःबद्दलचं मत नोंदवणं. प्रत्यक्ष कौशल्य मोजणाऱ्या चाचण्यांशी ते फारसं जुळत नाही. त्यापेक्षा सहा महिन्यांच्या त्या तीन ओळी काढा आणि "आज नको" म्हटलेल्या सौद्यांसमोर पुढे झालेला भाव लिहा.