आयसीयूबाहेरची रात्र: क्राइम मालिकेचा भाग लिहिताना या चुका टाळा

घरातला कर्ता माणूस डोक्याला मार लागून आयसीयूत. बाहेरच्या बाकावर बायको, दोन मुलं, धाकटी जाऊ आणि रात्रीच्या एसटीनं आलेली आत्या. प्रत्येकाच्या पोटात काहीतरी दडलेलं. क्राइम मालिकेच्या लेखकाला इतकी तयार मांडणी सहसा मिळत नाही, तरीही या मांडणीचे भाग वारंवार फसतात. लेखक हॉस्पिटलकडे फक्त बसायची जागा म्हणून बघतो, तिथे चूक होते. घरातलं गुपित टिकतं, कारण घरात कोणी काही लिहून ठेवत नाही. हॉस्पिटलात मात्र सगळं लिहिलं जातं: कुणी आणलं, किती वाजता, नातं काय, सही कुणाची. म्हणून गुपित तिथल्या कागदातून आणि नियमातून फुटावं. दाराआड कान लावून ऐकलेल्या संवादातून ते फुटलं की भाग खोटा वाटू लागतो.

व्हेंटिलेटरवरचा पेशंट नाव पुटपुटतो

सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. तोंडातून घातलेली नळी स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत जाते. नळी आत असताना आवाज निघणं शक्यच नाही, कुजबुजसुद्धा नाही. शिवाय असा पेशंट बहुतेक वेळा झोपेच्या औषधावर असतो. त्याची शुद्ध मोजायला डॉक्टर जीसीएस वापरतात. त्यात सर्वात कमी गुण ३ आणि पूर्ण शुद्धीतल्या माणसाचे १५. नळी असेल तर बोलण्याच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘टी’ लिहितात. तुमच्या संहितेत डॉक्टर “जीसीएस १५ आहे, पण व्हेंटिलेटरवर आहेत” असं म्हणत असतील, तर बघणारी प्रत्येक नर्स तिथेच चॅनेल बदलेल.

बोलायला लावायचंच असेल तर वेळ बदला. नळी घालण्याआधीची पहिली वीस-पंचवीस मिनिटं घ्या. अपघात विभागातली ती खाट, शेजारी धावपळ, आणि पेशंट अजून बोलतोय. किंवा नळी काढल्यानंतरचे काही तास घ्या, तेव्हा घसा बसलेला असतो आणि आवाज खरखरीत येतो. या दोन्ही वेळा नाट्याला जास्त उपयोगी आहेत, कारण ऐकणारा कोण होता हा प्रश्न आपोआप उभा राहतो. स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय होता की मोठा मुलगा, आणि त्यानं जे ऐकलं ते सकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही, तर का?

मृत्युपूर्व जबाबाचीही अशीच गफलत होते. फौजदार खाटेजवळ वही घेऊन बसला आणि जबाब झाला, असं दाखवतात. प्रत्यक्षात पोलीस आधी डॉक्टरांना पत्र देतात, डॉक्टर पेशंट जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचा शेरा वेळेसह लिहितात, आणि शक्य असेल तर नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याला बोलावून जबाब घेतात. नातेवाइकांना बाहेर काढतात. दार बंद होतं आणि बाहेर पाच माणसं एकमेकांकडे बघत राहतात, हा प्रसंग फुकट हाती येतो, तो घालवू नका. डॉक्टरांचा शेरा नसला की जबाब बाद, असं वकिलाच्या तोंडी घालू नका. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं आहे की जबाब घेणाऱ्याची पेशंटच्या मनःस्थितीबद्दल खात्री पटली असेल, तर केवळ शेरा नाही म्हणून जबाब टाकून देता येत नाही. आणि पेशंट वाचला, तर तो कागद मृत्युपूर्व जबाब राहतच नाही. त्याला न्यायालयात स्वतः उभं राहून सांगावं लागतं. ज्या बायकोनं जबाबात दिराचं नाव घेतलं आणि ती जगली, तिच्यावर पुढचे सहा महिने घरातून काय दबाव येईल? यातून दुसरा भाग निघतो.

पोलिसांना कळवायचं की नाही, यावर कुटुंबाची बैठक

मारहाण, विष, जळणं, वाहन अपघात, संशयास्पद पडणं या सगळ्यांत अपघात विभागातले डॉक्टर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात. हा निर्णय घरच्यांच्या हातात नसतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांत तर आवारातच पोलीस चौकी असते. “डॉक्टर, केस करू नका, घरची बाब आहे” ही विनवणी दाखवा, ती खरी आहे. पण डॉक्टर मान डोलावतात असं दाखवलंत तर तो डॉक्टरही गुन्ह्यात सामील आहे, आणि तो धागा पुढे न्यावा लागेल. याची उलट चूकही टाळा: पोलीस येईपर्यंत उपचार थांबलेत. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आधी जीव, मग कागद हे स्पष्ट केलं. सही करायला कोणी नाही म्हणून जीव वाचवणारं ऑपरेशन अडवून ठेवणंही तसंच चुकीचं.

घटना कराडची आणि पेशंट पुण्यात आणलेला, अशा वेळी पुण्यातले पोलीस जबाब घेऊन कागद कराडला पाठवतात किंवा शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवून तिकडे वर्ग करतात. पुण्याचाच इन्स्पेक्टर शेवटपर्यंत तपास करतोय असं सहसा होत नाही. हा बदल लेखकाच्या सोयीचा आहे. मधल्या काही तासांत घटनास्थळी कोण जाऊन आलं, याची फट त्यात राहते.

कलमं वर्षानुसार तपासा. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहिता लागते. खुनाचा प्रयत्न कलम १०९, खून कलम १०३. त्याआधीची घटना असेल तर जुनी ३०७ आणि ३०२. पेशंट पहाटे गेला की नवा गुन्हा नोंदवत नाहीत, आहे त्याच गुन्ह्यात कलमवाढ होते. हवालदाराच्या तोंडी ‘कलमवाढ’ हा एक शब्द ठेवलात, तर बाकावरच्या घरच्यांना जे कळायचं ते कळतं. पार्श्वसंगीताची गरज उरत नाही.

प्लग उपटणं आणि सरळ रेषेला शॉक

आयसीयूतल्या व्हेंटिलेटरला आत बॅटरी असते. प्लग काढला तर यंत्र थांबत नाही, ओरडतं. नळी सुटली तरी गजर होतो आणि मॉनिटरही कोकलतो. मारेकरी चोरपावलांनी आला, तार ओढली आणि शांतपणे निघून गेला, हे आता सोडून द्या. मॉनिटरवर रेषा सरळ झाल्यावर छातीला शॉक देतात हेही चूक आहे. शॉक हृदयाच्या विशिष्ट बेताल ठोक्यांसाठी असतो. सरळ रेषेत छाती दाबतात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि दर तीन ते पाच मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रिनलिन देतात. दाबणारा माणूस दर दोन मिनिटांनी बदलतात, कारण हात थकतात. खऱ्या प्रसंगात पडद्याआडून ऐकू येतं ते हेच: मोजणारा आवाज आणि “बदला”.

रक्तगट जुळला नाही, म्हणजे मुलगा आपला नाही

हे गुपित इतक्यांदा वापरलंय की त्याची नीट तपासणी व्हायलाच हवी. पहिली गोष्ट, नातेवाइकाचं रक्त थेट शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला चढवत नाहीत. रक्तपेढी बदली रक्तदाता मागते, त्याचा गट कोणताही चालतो, आणि पेशंटला साठ्यातली जुळणारी पिशवी मिळते. जवळच्या रक्तातल्या नात्याचं रक्त तर शक्यतो टाळतात. म्हणजे “कुणाचाच गट जुळत नाही” हा आक्रोश मुळातच उभा राहत नाही.

दुसरी गोष्ट, आईबाप दोघे पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह असू शकतं. त्यावरून संशय घेणं हा पात्राचा अडाणीपणा म्हणून दाखवा, पुरावा म्हणून नको. बाप एबी आणि मुलगा ओ, यावर मात्र सगळे लेखक विसंबतात, आणि तिथेच आपल्या मातीतलं उत्तर आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला बॉम्बे रक्तगट. या माणसाकडे ए किंवा बी चा वारसा असला तरी नेहमीच्या चाचणीत तो ओ दिसतो, कारण ए-बीच्या खाली लागणारा एच हा पाया त्याच्याकडे नसतो. दोन्ही आईबापांकडून तो दोष आला तरच असं मूल होतं, आणि नात्यातल्या लग्नांत ती शक्यता वाढते. आता बघा काय हाती आलं: आजीनं मामेभावाशी लावून दिलेलं लग्न, मुलाचा गट ओ, बापाच्या मनात पंचवीस वर्षं साठलेला संशय, त्या संशयातून केलेला गुन्हा. आणि पहाटे तीनला रक्तपेढीतला तंत्रज्ञ आयसीयूतल्या त्या मुलाबद्दल म्हणतो की हा पेशंट ओ आहे, पण ओ ची एकही पिशवी त्याला जुळत नाही. संशय खोटा होता हे हॉस्पिटलनं सिद्ध केलं. नातं खोटं ठरवण्यापेक्षा हे कितीतरी जास्त जिव्हारी लागतं.

इन्स्पेक्टरसमोर रडून कबुली

पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं. कोठडीतला आरोपी सिरिंज कुठे टाकली ते सांगतो आणि ती पंचांसमोर तिथेच सापडते, तेवढाच भाग ग्राह्य धरतात. त्यामुळे कॉरिडॉरमध्ये फौजदाराच्या पायाशी कोसळणारा धाकटा भाऊ कथेला काही देत नाही. तीच कबुली त्यानं जिन्याखाली, चहाचा कागदी कप हातात धरून, मोठ्या बहिणीला दिली तर? ती कायद्यानं पुरावा होऊ शकते, कमकुवत असली तरी, आणि आता साक्ष द्यायची की नाही हे ओझं ताईवर आलं. नाट्य आपोआप योग्य माणसाकडे गेलं.

साक्षीदाराच्या जबाबावर “इथे सही करा” असं पोलिसांनी म्हणणंही चूक. फिर्यादीवर फिर्यादीची सही असते. तपासातल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत. आणि सत्तर वर्षांच्या आजोबांना किंवा घरातल्या बाईला नुसती चौकशी म्हणून रात्री ठाण्यात बोलावून नेता येत नाही, जबाब घ्यायला पोलिसांनाच त्यांच्याकडे यावं लागतं. म्हणजे पुन्हा तोच बाक, आणि शेजारी बसलेले सगळे कान देऊन.

मग गुपित फुटावं कशातून?

संमतीपत्रावर ‘पेशंटशी नातं’ असा रकाना असतो. त्यात पत्नी असं लिहून कोणीतरी बायको पोहोचण्याआधीच सही करून गेलं आहे. मेडिक्लेमच्या कागदात आधीच्या आजाराचा उल्लेख आहे, जो घरात कुणालाच माहीत नव्हता. महात्मा फुले योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र रेशनकार्ड मागतो आणि कार्डावर एक नाव जास्त निघतं. ऑपरेशनआधी अंगावरचे दागिने काढून नातेवाइकाची सही घेऊन देतात. जाऊ विचारते, “ताई, भाऊजींची अंगठी नर्सनं तुमच्याकडे दिली ना?” आणि ताई म्हणते, “कुठली अंगठी गं? ह्यांच्या बोटात अंगठी मी कधी बघितलीच नाही.” एवढ्यावर प्रसंग तोडा. पुढे कोणी स्पष्टीकरण दिलं की प्रसंग मेला.

मधुमेह नसलेल्या पेशंटच्या तक्त्यावर दर तासाची साखर १३८, ९६, ३९ अशी घसरत गेली, तर नर्स आधी डॉक्टरला हाक मारेल आणि डॉक्टर उपचाराबरोबर रक्ताचा नमुना राखून ठेवेल. त्यात इन्शुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड कमी निघालं की इन्शुलिन बाहेरून आलं, कारण शरीर स्वतः बनवतं तेव्हा दोन्ही बरोबर वाढतात. आयसीयूत एकावेळी एकच नातेवाईक पासवर आत सोडतात आणि सुरक्षारक्षकाकडे नोंद असते. तक्त्यातली वेळ आणि नोंदीतली वेळ शेजारी ठेवली की मारेकरी बाकावरच्या पाचांतून एकावर येतो. सीसीटीव्ही वापरत असाल तर डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ पुढेमागे असू शकतं आणि पंचनाम्यात तो फरक लिहितात, हे लक्षात ठेवा. अकरा मिनिटांचा फरक निरपराध मुलाला रात्रभर अडकवून ठेवायला पुरतो.

विषाचा संशय असेल तर सकाळीच अहवाल हाती देऊ नका. व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे भाग, मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि सी.ए. रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल) यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर मृत्यूचं कारण राखून ठेवलेलं असतं. एमएलसीत शवविच्छेदन नको म्हणण्याचा अधिकार घरच्यांना नाही, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा झाल्याशिवाय मृतदेह ताब्यात मिळत नाही. म्हणजे सगळं घर शवागाराबाहेर दुपारपर्यंत थांबणार आहे, एकत्र, आणि त्यांच्यातल्या एकाला ठाऊक आहे की आत काय सापडेल. शेवटचा प्रसंग तिथे ठेवा. मृतदेह ताब्यात घ्यायच्या वहीत सही करायला हवालदार नाव पुकारतो, आणि दोन बायका एकदम उठतात.