‘व्हीलॅन_आयडी’ हे नाव मी पुन्हा का वापरत नाही

अॅन्सिबल हे उपकरणांची सेटिंग आपोआप करणारं साधन. त्याची प्लेबुकं, म्हणजे कामांच्या याद्या, चालू लागली आहेत आणि आता स्विचमागून स्विच त्यात घ्यायचेत, अशा टप्प्यावर असाल तर आधी थांबून व्हेरिएबलची नावं बघा. नावात हायफन चालत नाही, आकड्याने सुरुवात चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या चुका लवकर उघड्या पडतात. मला गाठलं त्या चुकीने एकही एरर दिली नाही.

‘अॅक्सेस’ गटाच्या फाइलमध्ये मी ‘व्हीलॅन_आयडी’ला 20 दिले होते, म्हणजे वापरकर्त्यांच्या पोर्टचा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग). नंतर ‘मॅनेजमेंट’ गट केला आणि त्यातही ‘व्हीलॅन_आयडी’ लिहून 99 दिले. इथे मला स्विचच्या मॅनेजमेंटचा व्हीलॅन म्हणायचा होता. अर्थ दोन, नाव एक, आणि तेच स्विच दोन्ही गटांत. एका पातळीवरचे गट अॅन्सिबल नावाच्या अक्षरक्रमाने घेतं आणि नंतरचा गट आधीच्याची किंमत पुसतो. इंग्रजीत ‘ए’ आधी, ‘एम’ नंतर. 99 टिकले, आणि वापरकर्त्यांचे पोर्ट मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये जाऊन पडले. तिथे डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी पत्ता देणं, नव्हतं. लोकांचं नेटवर्क बंद, माझ्या स्क्रीनवर मात्र ‘फेल्ड’ शून्य. टेम्प्लेट, म्हणजे या किंमती भरून स्विचचं कॉन्फिगरेशन तयार होतं तो साचा, ओळीन्‌ओळ तपासलं, ते बरोबरच होतं. ती दुपार आठवली की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून नावातच काम सांगा: ‘अॅक्सेस_डेटा_व्हीलॅन’, ‘स्विच_मॅनेजमेंट_व्हीलॅन’. लांब वाटलं तरी चालेल. रोल, म्हणजे पुन्हा वापरता येणारा कामांचा संच, लिहीत असाल तर रोलचं नाव पुढे जोडा. एका रोलमधलं नुसतं ‘टाइमआउट’ त्याच प्लेमधल्या (प्लेबुकच्या एका भागातल्या) दुसऱ्या रोलपर्यंत पोचू शकतं. किंमत कुठून येते याच्या अॅन्सिबलमध्ये 22 पायऱ्या आहेत. त्या पाठ करायची गरज नाही, नावं वेगळी असली की हा प्रश्न फारसा उठतच नाही.

‘चालतंय ना, मग हात लावू नकोस’ असं सांगणाऱ्या सीनियरचं मी एकदा ऐकलं होतं. तुम्ही ऐकू नका. दुसऱ्याचं प्लेबुक उचलून आणणं मला आजही पटत नाही, कारण त्यातल्या नावांचा अर्थ लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतो.

घाबरू मात्र नका, हे सुधारता येतं. ‘अॅन्सिबल-इन्व्हेंटरी’ला होस्टचं नाव दिलं की इन्व्हेंटरीतून, म्हणजे स्विच आणि गटांच्या यादीतून, त्या स्विचला शेवटी कोणती किंमत मिळते ते दिसतं. प्रत्येक बदलाआधी ‘चेक’ (बदल न करता तालीम) आणि ‘डिफ’ (काय बदलेल ते दाखवणारं) लावून चालवा, आणि तो डिफ खरंच वाचा. मी चालवला होता, वाचला नव्हता.

जुनी नावं बदलताना टेम्प्लेटमधले ‘डिफॉल्ट’ फिल्टर (किंमत नसेल तिथे ठरलेली किंमत घालणारे) आधी काढा. एरवी सुटलेलं जुनं नाव ‘अनडिफाइन्ड’ म्हणून तिथेच अडतं. ‘डिफॉल्ट(1)’ असेल तर ते अडत नाही, आणि पोर्ट गुपचूप व्हीलॅन 1 मध्ये जातो.