हिवाळ्याच्या सुट्टीत घरी एक दिवस नीट आराम कसा करायचा (खास नाशिककर पोरापोरींसाठी)

सेमिस्टर संपलं, सबमिशन झालं, आता सुट्टी लागलीये तर त्यातला एक दिवस तरी फक्त घरी बसायला ठेवा. पण नुसतं लोळून आराम होत नाही हां, मोबाईल घेऊन गोधडीत पडलं की दुपारी दोनला डोकं जड होतं आणि दिवस कुठे गेला तेच कळत नाही. आपल्या नाशिकच्या थंडीत सोपा नियम म्हणजे उन्हाच्या मागे मागे फिरायचं.

थोडी तयारी आदल्या दिवशीच करा. सार्वजनिक वाचनालयाचे सभासद असाल (1840 पासूनचं आहे ते, आपल्या गावात असं काही आहे याचा मला खरंच अभिमान वाटतो) तर एक पुस्तक आणून ठेवा, नाहीतर घरात न वाचलेले दिवाळी अंक असतातच. भरताची मोठी वांगी आणा. आणि आईला रात्रीच सांगून ठेवा की उद्या मला उठवू नको.

सकाळी लवकर उठायची अजिबात गरज नाही. नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर, त्यात आभाळ मोकळं आणि उत्तरेकडचं कोरडं वारं, त्यामुळे रात्रभर जमीन गार होत जाते आणि सगळ्यात कडक थंडी सूर्य उगवायच्या आसपास पडते, निफाडला तर पारा कधी कधी 5 च्याही खाली जातो. सूर्य उगवतो सातच्या सुमारास, म्हणून नऊला उठलात तरी चालतंय.

उठलं की चहा घ्यायचा आणि गोधड्या उचलून थेट गच्चीवर. गोधड्या कठड्यावर वाळत टाका, खाली सतरंजी, उन्हाकडे पाठ करून बसा, सोबत पेरू आणि तिखटमीठ. फोन खालीच राहू द्या, उन्हात स्क्रीन दिसत नाही तशीही. हातापायाला तिळाचं तेल चोळा आणि मग अकरा-साडेअकराला कडक पाण्याने आंघोळ, सकाळी सातच्या आंघोळीला ही मजा नाही.

जेवण मात्र स्वतः बनवा, हा दिवसाचा सगळ्यात भारी भाग. वांग्याला तेलाचा हात लावा, सुरीने चार ठिकाणी चीर देऊन त्यात लसणाच्या पाकळ्या खोचा आणि सरळ गॅसच्या आचेवर ठेवा, देठाला धरून फिरवत राहा, साल पूर्ण काळी होऊन वांगं मऊ पडलं आणि रस सुटायला लागला की झालं. पाच मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. हिरव्या मिरच्या पण भाजून लसणासोबत ठेचा, मिक्सर नको, त्यात त्याचा लगदा होतो. वरून तेलाची फोडणी, शेंगदाणे, भरपूर कांद्याची पात. बाजरीची भाकरी जमत नसेल तर आईकडून करून घ्या पण शेजारी उभं राहून बघा, पुढे होस्टेलला गेलात की आठवेल.

दुपारची झोप अर्ध्या तासाचीच घ्या, अलार्म लावून, कारण सहाला सूर्य मावळतो आणि पाचला उठलात तर नुसता अंधारच हाती लागतो. चारच्या आत गोधड्या खाली आणा नाहीतर परत गार पडतात. मिसळ खायला गंगापूर रोडकडे जाऊ म्हणून मित्रांचा फोन येईल, त्यांना उद्याचं सांगा.

संध्याकाळी गवती चहा आणि आलं घालून चहा, घरच्यांसोबत पत्ते किंवा कॅरम. झोपायच्या आधी टाचा फुटल्या असतील तर आमसुलाचं तेल लावा, ते घट्ट गोळ्याच्या रूपात मिळतं, चमच्यात छोटा तुकडा घेऊन मंद गॅसवर वितळवा, जरा कोमट होऊ द्या मग भेगांत भरा आणि वरून मोजे घाला, नाहीतर पांघरुणाला डाग पडतात.